सीपॅपसोबत जगताना : आहार, दिनचर्या आणि रात्रीची झोप

स्लीप अ‍ॅप्नियाचे, म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याच्या आजाराचे निदान झाले, त्यावरचे सीपॅप यंत्र घरी आले, की आता करण्यासारखे काही उरले नाही, असे पुष्कळ जणांना वाटते. यंत्राचे काम मात्र अगदी नेमके आणि तितकेच मर्यादित असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि मऊ टाळू मागे सरकतात आणि श्वासाची वाट अरुंद होते किंवा पूर्ण मिटते; यंत्र मास्कमधून ठरावीक दाबाची हवा सोडून ही वाट उघडी धरून ठेवते. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत प्रथम मांडली. त्यानंतर यंत्रे लहान झाली, त्यांचा आवाज कमी झाला, पण तत्त्व बदललेले नाही. मास्क चेहऱ्यावर आहे तोवर वाट उघडी राहते आणि मास्क काढला की घसा पूर्ववत मिटू लागतो. मानेभोवतीची आणि जिभेतली चरबी, चोंदलेले नाक, रात्रीचे मद्य, पाठीवर झोपण्याची सवय यांपैकी कशातही यंत्र बदल करत नाही. तो बदल जागेपणीच करावा लागतो, आणि तो कोणत्या क्रमाने करावा हे या लेखात सांगितले आहे.

क्रमाचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. उपचार न झालेला माणूस दिवसभर पेंगुळलेला असतो, त्याची भूक वाढलेली असते आणि चालायला जाण्याचे त्राण त्याच्यात नसते. अशा अवस्थेत त्याने कडक आहार आणि व्यायाम एकाच दिवशी सुरू केला, तर तो काही आठवड्यांत थकून दोन्ही सोडतो, आणि दोष स्वतःच्या इच्छाशक्तीला देतो. आधी झोप सावरावी, मग संध्याकाळ, आणि त्यानंतर वजन, असा क्रम मला अधिक खात्रीचा वाटतो. दातांवर बसवायचे जबडा पुढे धरणारे उपकरण वापरणाऱ्यांनाही यातील बहुतेक सूचना तशाच लागू पडतात.

पहिली पायरी : यंत्राचे तास

उपचार पुरेसा होत आहे की नाही हे ठरवताना रोज किमान चार तासांचा वापर हा निकष बऱ्याच ठिकाणी लावला जातो. हा आकडा हिशेबासाठी सोयीचा असला, तरी त्याला ध्येय समजू नये. रात्रीच्या उत्तरार्धात स्वप्नांच्या झोपेचा वाटा वाढतो, याच झोपेत स्नायू सर्वाधिक ढिले असतात आणि अनेकांमध्ये श्वास सर्वाधिक वेळ थांबतो. पहाटे तीनला मास्क काढून ठेवणारा माणूस आकडेवारीत चार तास भरतो, पण ज्या तासांना यंत्राची सर्वांत जास्त गरज असते तेच तास उघडे सोडतो. त्यामुळे झोपेचा प्रत्येक तास, दुपारची डुलकीसुद्धा, मास्क लावूनच घ्यावी.

मास्क सहन होत नसेल तर पहिले काही दिवस तो जागेपणी लावून पाहावा. वाचताना किंवा काही पाहताना रोज वीस-तीस मिनिटे मास्क लावून, यंत्र सुरू ठेवून बसल्यास चेहऱ्याला त्याची सवय होते आणि गुदमरल्याची भावना ओसरते. मास्कचे पट्टे बसून घट्ट करू नयेत. आडवे झाल्यावर, यंत्र चालू असताना ते हवे तितकेच आवळावेत, कारण आडवे झाल्यावर चेहऱ्याची ठेवण थोडी बदलते. झोपण्यापूर्वी चेहरा धुवावा आणि मास्कची कड जिथे टेकते तिथे तेलकट क्रीम लावू नये. सकाळी तोंड कोरडे पडत असेल तर बहुधा झोपेत तोंड उघडे राहते, आणि तोंड उघडे राहण्याचे कारण बरेचदा नाकात असते. झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याने नाक धुतल्याने आणि यंत्राच्या ह्युमिडिफायरची, म्हणजे हवा दमट करणाऱ्या भागाची पातळी वाढवल्याने पुष्कळांचा त्रास कमी होतो. नाक धुण्यासाठी उकळून थंड केलेले किंवा डिस्टिल्ड पाणीच वापरावे; थेट नळाचे पाणी नाकात घालणे धोक्याचे आहे. नाक मोकळे करणारे औषधी थेंब सलग अनेक दिवस वापरल्यास नाक उलट अधिक चोंदते, म्हणून नाक कायमच बंद राहत असेल तर डॉक्टरांना दाखवून योग्य फवारा घ्यावा.

बहुतेक आधुनिक यंत्रे रोज तीन आकडे दाखवतात : वापराचे तास, हवेची गळती आणि एएचआय, म्हणजे दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा उथळ झाला त्याची संख्या. निदानाच्या वेळी हा एएचआय ५ ते १५ असल्यास आजार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि ३० किंवा त्याहून अधिक असल्यास तीव्र मानतात. यंत्रावर असताना तो साधारणतः ५ च्या खाली राहावा अशी अपेक्षा असते. एका रात्रीचा आकडा पाहून काळजी करू नये. दोन आठवड्यांची सरासरी काढावी. हे तीन आकडे एका वहीत लिहून, त्यांच्या शेजारी आदल्या संध्याकाळी काय खाल्ले-प्यायले आणि जेवण किती वाजता झाले हे नोंदवण्याची सवय मी प्रत्येकाला लावून घ्यायला सांगेन. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा परिणाम याच वहीत दिसतो.

दुसरी पायरी : झोपेची वेळ आणि कॅफीन

यंत्रावर एएचआय दोन आला तरी माणूस पाचच तास झोपत असेल, तर तो दिवसा पेंगणारच. प्रौढ माणसाला किमान सात तासांची झोप लागते. झोपायची वेळ आपल्या हातात पूर्णपणे नसते, पण उठायची वेळ असते. म्हणून सुट्टीच्या दिवसासह रोज एकाच वेळी उठावे आणि सकाळी थोडा वेळ उजेडात घालवावा, म्हणजे रात्री झोप आपोआप ठरलेल्या वेळेला येऊ लागते.

उपचारापूर्वीच्या काळात दिवस ढकलण्यासाठी चहा-कॉफीचे प्रमाण वाढलेले असते आणि उपचार सुरू झाल्यावरही ते तसेच चालू राहते. शरीरातील कॅफीन निम्मे होण्यास सरासरी पाच तासांच्या आसपास लागतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननेही झोप एका तासाहून अधिक घटलेली आढळली. ४०० मिलिग्रॅम हे प्रमाण मोठे आहे, तरी दुपारच्या जेवणानंतर कॅफीन नको, हा नियम त्यावरून सुरक्षित ठरतो. एकदम बंद केल्यास डोके दुखते, त्यामुळे दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करावा आणि शेवटचा कप दर आठवड्याला तासभर अलीकडे आणावा.

पेंग किती उरली आहे हे मोजण्यासाठी एपवर्थ प्रश्नावली उपयोगी पडते. तिच्यात आठ प्रसंग दिलेले असतात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण असतात आणि बेरीज १० च्या वर गेल्यास पेंग जास्त समजली जाते. जोवर दिवसा डोळा लागतो आहे तोवर वाहन चालवू नये. या एका बाबतीत सवलत नाही, कारण इथे चूक झाली तर किंमत दुसऱ्यालाही मोजावी लागते.

तिसरी पायरी : संध्याकाळचे जेवण

सीपॅप वापरणाऱ्याच्या आहारात काय खावे यापेक्षा केव्हा खावे हा प्रश्न आधी सोडवावा, कारण त्याचा परिणाम त्याच रात्री दिसतो. रात्रीचे जेवण आणि झोप यांत किमान तीन तासांचे अंतर ठेवावे. भरलेले पोट आडवे झाल्यावर छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला वर ढकलते, आम्ल अन्ननलिकेत चढते, घशाला सूज आणते आणि माणसाला जाग येते. स्लीप अ‍ॅप्निया असलेल्यांमध्ये आम्लपित्ताची तक्रार मुळातच वारंवार आढळते.

यंत्र वापरणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो, ज्याची कल्पना त्यांना क्वचितच कोणी आधी दिलेली असते. दाबाची हवा काही वेळा श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत शिरते आणि सकाळी पोट फुगलेले, ढेकरांनी बेजार झालेले असते. या कारणाने यंत्र सोडून देणारेही आहेत. अशा वेळी रात्रीचे जेवण लवकर आणि हलके ठेवावे, संध्याकाळनंतर फसफसणारी पेये टाळावीत, च्युइंग गम चघळू नये, सावकाश जेवावे आणि पलंगाची डोक्याकडची बाजू पंधरा-वीस सेंटिमीटर उंच करावी. नुसत्या उशा रचल्याने मान वाकते आणि घसा उलट अधिक दबतो, म्हणून पलंगाच्या पायांखाली ठोकळे द्यावेत किंवा कमरेपासून उतार असलेली पाचरीसारखी गादी वापरावी. डाव्या कुशीवर झोपल्याने आम्ल कमी चढते. एवढे करूनही पोट फुगत राहिले तर यंत्राचा दाब स्वतः बदलू नये. दाब, मास्कचा प्रकार किंवा श्वास सोडताना दाब थोडा कमी करण्याची यंत्रातील सोय यांत कोणता बदल हवा हे तज्ज्ञाने ठरवावे.

मीठ हा विषय रक्तदाबापुरता समजला जातो, पण तो घशाशीही जोडलेला आहे. दिवसभर बसून किंवा उभे राहून पायांत साचलेले पाणी रात्री आडवे झाल्यावर वर सरकते आणि त्यातील काही मानेच्या ऊतींमध्ये उतरून श्वासाची वाट आणखी अरुंद करते. संध्याकाळी घोट्यांवर मोज्यांच्या खुणा खोल उमटत असतील तर हा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे सुमारे एक चहाचा चमचा, आणि त्यातला मोठा भाग पाकीटबंद, खारवलेल्या आणि तयार पदार्थांतून न कळत जातो. पाकिटावरील सोडियमचा आकडा वाचावा आणि खारट पदार्थ खायचेच असल्यास सकाळी-दुपारी खावेत. हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी मिठाचा पर्याय म्हणून मिळणारी पोटॅशियमयुक्त मिठे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

मद्याबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. मद्याने झोप लवकर लागते, पण जीभ पुढे धरणारा स्नायू अधिक सैल होतो, श्वास जास्त वेळ थांबतो आणि मेंदूची जाग येण्याची यंत्रणा मंदावल्याने रक्तातील प्राणवायू अधिक खाली जातो. घेणे टाळता येत नसेल तर झोपण्याच्या चार तास आधी थांबावे, प्रमाण थोडे असावे आणि त्या रात्री मास्क हमखास लावावा. प्रत्यक्षात नेमक्या त्याच रात्री मास्क विसरला जातो. झोपेच्या काही गोळ्या आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांचा परिणाम याहून गंभीर असू शकतो. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर आपल्याला स्लीप अ‍ॅप्निया आहे हे आधी सांगावे. तंबाखूचा धूर नाकाच्या आणि घशाच्या आतील आवरणाला सूज आणतो; तो सोडताना पहिले काही आठवडे झोप बिघडते, हे ठाऊक असल्यास त्या काळात धीर सुटत नाही.

चौथी पायरी : वजन

उपचार सुरू झाल्यावर वजन आपोआप उतरेल, अशी अपेक्षा असते. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सीपॅप सुरू केल्यानंतर वजन सरासरी किंचित वाढलेले आढळले. श्वासासाठी रात्रभर चालणारी धडपड थांबली की तिच्यावर खर्च होणारी ऊर्जाही वाचते, खाणे मात्र पूर्वीइतकेच राहते. म्हणून यंत्र आल्याच्या दिवशीच वजन आणि कमरेचा घेर वहीत लिहावा आणि दर आठवड्याला एकाच वारी, सकाळी, रिकाम्या पोटी पुन्हा मोजावा.

वजन कमी केल्याने किती फरक पडतो, याचे उत्तर अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील दीर्घ अभ्यासातून मिळते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार चार वर्षांत १० टक्के वजन वाढलेल्यांमध्ये एएचआय सुमारे ३२ टक्क्यांनी वाढला आणि १० टक्के वजन घटलेल्यांमध्ये तो सुमारे २६ टक्क्यांनी उतरला. स्पेनमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नेहमीच्या उपचारावर असलेल्या ८९ पुरुषांचे दोन गट केले गेले. ज्यांना आठ आठवडे आहार, व्यायाम, झोपेच्या सवयी आणि मद्य-तंबाखू सोडणे यांचे एकत्रित मार्गदर्शन मिळाले, त्यांचा एएचआय सुमारे निम्म्यावर आला. हे सगळे बदल एकत्र, एकमेकांना धरून केले गेले होते, हे त्या प्रयोगाचे वैशिष्ट्य मला महत्त्वाचे वाटते.

आता हिशेब. ९० किलो वजनाच्या माणसासाठी १० टक्के म्हणजे ९ किलो. ते सहा महिन्यांत उतरवायचे ठरवले तर आठवड्याला साधारण ३५० ग्रॅम होतात आणि त्यासाठी रोज सुमारे ४०० कॅलरीची तूट पुरते. गोड पेये बंद करून, रात्रीच्या ताटातला धान्याचा भाग एक तृतीयांश कमी करून आणि रोज अर्धा तास चालून एवढी तूट साधता येते. उपास करण्याची गरज पडत नाही. ताटाचा अर्धा भाग भाज्यांनी भरावा, पाव भाग डाळी, कडधान्ये, अंडी, मासे, दही अशा प्रथिनांचा असावा आणि उरलेला पाव भाग शक्यतो अख्ख्या धान्याचा. प्रथिनांकडे जास्त लक्ष द्यावे, कारण वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि पुरेशी प्रथिने घेतल्यास भूकही लवकर भागते. अपुऱ्या झोपेने भुकेची संप्रेरके बिघडतात आणि गोड-तेलकट पदार्थांची ओढ वाढते. ज्या रात्री मास्क कमी वेळ लागला त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या खाण्याची नोंद वहीत पाहिल्यास हा संबंध बऱ्याच जणांना स्वतःच दिसतो.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, कारण वजन उतरू लागल्यावर तीच मात्रा जास्त ठरू शकते. मात्र मात्रा स्वतःहून कमी करू नये. लठ्ठपणा आणि मध्यम ते तीव्र स्लीप अ‍ॅप्निया दोन्ही असलेल्या प्रौढांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये टिरझेपॅटाइड या इंजेक्शनला मान्यता दिली. तेही कमी कॅलरीचा आहार आणि वाढीव हालचालींच्या जोडीनेच द्यायचे असते. ज्यांचे वजन मुळातच योग्य आहे त्यांनी ही पायरी सोडून पुढे जावे. जबड्याची ठेवण किंवा मोठे टॉन्सिल अशा कारणांनी बारीक माणसालाही हा आजार होतो, आणि त्याने उगीच खाणे कमी करण्यात काही अर्थ नाही.

पाचवी पायरी : हालचाल आणि झोपण्याची बाजू

व्यायामाने वजन फारसे उतरले नाही तरी एएचआय काही प्रमाणात कमी होतो, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. आठवड्याला १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम हे सर्वसाधारण प्रमाण इथेही योग्य आहे. बैठे काम असल्यास दर तासाला पाच मिनिटे चालावे आणि संध्याकाळी थोडा वेळ पाय उंचावर ठेवावेत, म्हणजे पायांतले पाणी झोपण्याआधीच निचरते. जीभ, टाळू आणि गाल यांचे व्यायाम नियमित केल्यास घशाचे स्नायू बळकट होतात आणि घोरणे घटते. स्वित्झर्लंडमधील एका प्रयोगात डिजेरीडू हे फुंकून वाजवायचे वाद्य चार महिने वाजवणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली होती. हे व्यायाम यंत्राच्या जोडीला करावेत, त्याच्या जागी नव्हे.

पाठीवर झोपल्यावर जीभ मागे पडते आणि पुष्कळांचा एएचआय कुशीवरच्या तुलनेत दुप्पट होतो. पाठीमागे लांब उशी ठेवून कुशीवर झोपण्याची सवय लावावी आणि नळी डोक्याच्या वरच्या बाजूने आणावी, म्हणजे कूस बदलताना मास्क ओढला जात नाही.

यंत्राची निगा, आजारपण आणि प्रवास

मास्कची गादी रोज सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावी, ह्युमिडिफायरमधले उरलेले पाणी रोज सकाळी ओतून टाकून त्यात रात्री ताजे डिस्टिल्ड पाणी भरावे, नळी आठवड्यातून एकदा धुऊन सावलीत वाळवावी आणि फिल्टर यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे बदलावे. ओझोन सोडणारी स्वच्छता-यंत्रे वापरू नयेत. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाचे चाप असतात. ज्यांच्या शरीरात पेसमेकर किंवा धातूचे वैद्यकीय उपकरण आहे, किंवा ज्यांच्या शेजारी अशी व्यक्ती झोपते, त्यांनी बिनचुंबकाचा मास्क मागून घ्यावा.

सर्दीत यंत्र दोन-चार दिवस बंद ठेवायचा मोह होतो, पण श्वास थांबणे एक-दोन रात्रींतच परतू लागते. नाक धुऊन, ओलावा वाढवून आणि गरज पडल्यास तात्पुरता तोंड-नाक झाकणारा मास्क वापरून उपचार चालू ठेवावा. प्रवासात यंत्र हातातल्या सामानात ठेवावे. शस्त्रक्रिया ठरली असेल, ती कितीही लहान असली तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावे आणि यंत्र रुग्णालयात सोबत न्यावे, कारण भुलीनंतरच्या पहिल्या काही तासांत घसा मिटण्याचा धोका अधिक असतो.

पुन्हा चाचणी

वजन १० टक्के उतरले, पेंग गेली, घोरणे थांबले, असे झाले तरी यंत्र आपल्या अंदाजाने बंद करू नये. बरे वाटणे हे कित्येकदा यंत्रामुळेच असते. अशा टप्प्यावर डॉक्टरांना वही दाखवून झोपेची चाचणी पुन्हा करून घ्यावी आणि चाचणीपूर्वी किती रात्री यंत्राशिवाय झोपायचे हेही त्यांनाच विचारावे. चाचणीत एएचआय पुरेसा खाली आलेला दिसला तर दाब कमी होऊ शकतो, उपचाराचा प्रकार बदलू शकतो, काहींचे यंत्र थांबूही शकते. यंत्र थांबले तर वजनाची आठवड्याची नोंद तशीच चालू ठेवावी, आणि वजन पुन्हा वाढू लागले किंवा शेजारी झोपणाऱ्याने घोरण्याची तक्रार केली, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांची वेळ घ्यावी.